डावा कुल्ला, खोली नंबर चार

आमच्या पथकातल्या एकाही डॉक्टरला चेहरे लक्षात राहत नाहीत. हे मी कौतुकानं सांगत नाही, आणि तक्रार म्हणूनही नाही. इथे मिनेसोटात जानेवारी आला की तळी गोठतात, त्याची कोण तक्रार करतं? तसंच हे.

मी मार्लिस ब्रांडव्होल्ड. मर्केल पेशींचा कर्करोग नावाचा एक दुर्मीळ त्वचारोग आहे. वाटाण्याएवढी तांबडी-जांभळी गाठ येते. ती दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणूस तिच्याकडे बघत नाही आणि ती आपली वाढत बसते. एवढ्या मोठ्या देशात वर्षाला तीनेक हजार लोकांना होतो, त्यामुळे गावोगावच्या डॉक्टरांनी तो जन्मात पाहिलेला नसतो. आम्ही मात्र दिवसभर तोच पाहतो. रोग्यांना तारखा देणं, त्यांचे अहवाल गोळा करणं आणि डॉक्टरांना माणसांत ठेवणं, ही माझी तीन कामं. पगार पहिल्या दोन कामांचाच मिळतो.

दर सोमवारी सकाळी सातला आमची बैठक असते. पडद्यावर एकेका रोग्याचे फोटो लागतात आणि कापायचं, किरण द्यायचे की औषध, यावर खल होतो. नियम असा की रोग्याचं नाव आणि चेहरा पडद्यावर दाखवायचा नाही. नियम चांगलाच आहे, पण बारा वर्षं माणसांचे नुसते तुकडे बघितल्यावर डोकं कसं होणार? आमच्याकडे माणसं नाहीतच. आमच्याकडे ‘उजवी पापणी’ आहे, ‘मानेची मागची बाजू’ आहे, आणि ‘नाकाचा शेंडा’ नाताळला आम्हा सगळ्यांना मोजे विणून पाठवते.

आणि ‘डावा कुल्ला’ म्हणजे ऑर्व्हिल थीलन.

ऑर्व्हिल चौऱ्याहत्तर वर्षांचे. अडतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. पाच वर्षांपूर्वी गाठ आली, कापली, तरी पसरली. गावच्या इस्पितळात जुन्या पद्धतीची औषधं दिली, त्यात जेवताना त्यांच्या मिशा गळून सुपाच्या वाटीत पडल्या आणि रोग जागचा हलला नाही. मग ते आमच्याकडे आले. शरीरातल्या शिपाई पेशींना जागं करणारं नवं औषध दिलं, आणि सहा आठवड्यांत सगळ्या गाठी विरघळल्या. असं सगळ्यांचं होत नाही. ऑर्व्हिलच्या शिपायांनी काय वेगळं केलं हे शोधायला आमचे संशोधक डॉ. वांग दर तीन महिन्यांनी त्यांचं अकरा नळ्या रक्त घेतात. प्रयोगशाळेतले उंदीर मेले तर दुसरे मिळतात, पण ऑर्व्हिल एकच आहेत, असं वांग येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतात. समोर उभे राहिलेले ऑर्व्हिल त्यांना ओळखू येतील याची मात्र मी खात्री देणार नाही.

आमच्या प्रमुख डॉ. सोल्व्हेग हाउगेन. हात असा की टाका दिसत नाही, नजर अशी की मोहरीएवढा डाग सुटत नाही. चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र सगळ्यांत वाईट. त्यात एक खोड. रोगी गेला की पुढच्या खोलीत जायचं सोडून दारात खांब होऊन उभ्या राहतात. मी रोज मागून हाक मारते, “डॉक्टर, दोन नंबर खोळंबलाय.” अकरा वर्षांत ही हाक मारून माझा घसा बसलाय.

तर जूनच्या सुरुवातीला ऑर्व्हिल आणि त्यांची बायको बर्निस काही कागद द्यायला आले होते आणि खाली उपाहारगृहात जेवत होते. ऑर्व्हिल उठून उभे राहिले, कारण समोरून डॉ. हाउगेन येत होत्या. ऑर्व्हिलनी हसून नमस्कार केला. डॉक्टरही छान हसल्या आणि हातातला उष्टा ट्रे त्यांच्या हातात देऊन, “आभारी आहे, सूप जरा खारट होतं,” असं सांगून निघून गेल्या. ऑर्व्हिलनी तो ट्रे नेऊन ठेवला. बर्निस म्हणाली, घरी जाईपर्यंत दोघं हसत होते.

म्हणून तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी, ऑर्व्हिलचा फोन आला तेव्हा मला काही कळेना. म्हणाले, यापुढे रक्त द्यायला येणार नाही. तपासणीलाही येणार नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, “हरकत नाही, मार्लिस. तुमचं सगळं बरं चाललंय.”

इथल्या लोकांत राहिलेल्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आमच्याकडे माणूस खूश झाला की ‘वाईट नाही’ म्हणतो, आणि ‘हरकत नाही’ म्हणाला की समजावं, पुढची वीस वर्षं हा तुमच्या दारात पाय ठेवणार नाही. मी खनपटीलाच बसले, तेव्हा ट्रे बाहेर आला. मागे एकदा दाराआडून ऐकलेलं, “डाव्या कुल्ल्याला चार नंबरमध्ये बसवलंय,” हेही बाहेर आलं.

“अडतीस वर्षं बस चालवली मी,” ऑर्व्हिल म्हणाले. “एका खेपेला साठ पोरं. एकालाही कधी ‘डावीकडचं तिसरं बाकडं’ म्हणून हाक मारली नाही.”

शनिवारी तळ्याकाठी रोग्यांची आणि आमची वार्षिक पिकनिक होती, तिला तरी या, म्हणून मी गळ घातली. बर्निसनं वड्यांचं कबूल केलंय म्हणून यावं लागेल, असं ते म्हणाले. रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या कबूल करून न येणं हे आमच्याकडे लग्न मोडण्याइतकं वाईट दिसतं.

डॉ. वांगना सांगितलं तर ते खुर्चीत मटकन बसले. डॉ. हाउगेनना सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, “तो ट्रे कुठला?” मग आठवलं, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. मी म्हटलं, रडून उपयोग नाही, आपल्याकडे एक दिवस आहे. शनिवारी तुम्ही त्यांना आपणहून, नावानं हाक मारायची. मी खाणाखुणा करणार नाही, कारण अडतीस वर्षं आरशात मागची पोरं बघणाऱ्या माणसाला खाणाखुणा लगेच कळतात.

शुक्रवारी दुपारी मी शिकवणीला बसले. बर्निसकडून चर्चच्या सभासदांचं सचित्र पुस्तक मागवलं, त्यातला ऑर्व्हिलचा फोटो मोठा केला आणि दहा इतर म्हाताऱ्यांच्या फोटोंत मिसळला. एकेक फोटो दाखवत गेले. पहिल्याला डॉक्टर म्हणाल्या, “कपाळावर उन्हाचे डाग आहेत, यांना बोलावून घे.” दुसऱ्याला म्हणाल्या, “हा तीळ मला आवडत नाही.” तिसरा आमच्या राज्याचा माजी गव्हर्नर होता, त्यालाही कान दाखवायला बोलावलं. ऑर्व्हिलचा फोटो आला तेव्हा त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या की कातडी उत्तम आहे, हे कोण?

शेवटी मी मिशांवर आले. ऑर्व्हिलच्या मिशा गळून परत आल्या त्या दुप्पट होऊन आल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, झाडूसारख्या. मी म्हटलं, डॉक्टर, बाकी सगळं सोडा, झाडू दिसला की ऑर्व्हिल. त्यांनी ते तळहातावर लिहून घेतलं. पाच वाजेपर्यंत दहांतून दहा वेळा बरोबर आलं आणि मी निश्चिंत होऊन घरी गेले. मूर्ख मी.

आमची पिकनिक लांबून बघणाऱ्याला पिकनिक वाटत नाही. शेजारच्या मंडपात लोक अर्ध्या चड्डीत हुंदडत होते, आणि आम्ही लांब बाह्या, टोपल्यांएवढ्या टोप्या, हातात छत्र्या आणि तोंडाला पांढरं मलम फासून सावलीत दाटीवाटीनं उभे. शल्यविशारद डॉ. कुफ्लर तर हातमोजे घालून मक्याची कणसं भाजत होते. शेजारच्या एका पोरीनं आईला विचारलं, ही माणसं कशाला भितात? खरं म्हणजे उन्हाला.

साडेअकराला झाडू आला. डॉ. हाउगेननी त्याला पार्किंगमधून येताना पाहिलं आणि माझा दंड दाबला. मी दुसरीकडे बघत होते. मी वळेपर्यंत त्या हात पसरून धावत सुटल्या होत्या. “ऑर्व्हिल थीलन,” त्या मोठ्यानं म्हणाल्या, “चार वर्षं तुम्ही आम्हाला रक्त देताय, आणि मी तुम्हाला साधी हाक मारली नाही. मला क्षमा करा.” आणि त्यांनी त्या माणसाला कडकडून मिठी मारली.

तो माणूस फिरते संडास पोचवायला आला होता. बिचारा हातातली पावती सांभाळत उभा राहिला. मग त्यानंही डॉक्टरांच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला की एवढ्या आपुलकीनं आजवर कुणी सही दिली नाही.

त्याच्या मागे दहा पावलांवर ऑर्व्हिल आणि बर्निस उभे होते. ऑर्व्हिलच्या ओठांवर मिशा नव्हत्या. गुळगुळीत. मीसुद्धा आधी बर्निसला ओळखलं आणि मग त्यांना, खोटं कशाला बोलू.

बर्निसनं वड्यांचं भांडं टेबलावर नेऊन ठेवलं. ऑर्व्हिल तिच्या मागोमाग टेबलापाशी गेले, तेच भांडं उचललं आणि काखेत धरलं. आमच्याकडे भरलेलं भांडं टेबलावरून परत नेणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. मी मध्ये गेले, तर ते म्हणाले, “हरकत नाही, मार्लिस,” आणि गाडीकडे चालू लागले. वांगनी दोन्ही हात डोक्याला लावले. मला इतका राग आला होता, की डॉक्टरांवर का मिशांवर तेच कळत नव्हतं.

डॉ. हाउगेन अजून संडासवाल्याची माफी मागत होत्या. त्यांनी मान वर केली, आणि पार्किंगकडे जाणारी ती पाठ त्यांना दिसली.

“ते ऑर्व्हिल आहेत,” त्या म्हणाल्या. कुणाला नाही, आपल्याशीच. आणि मग दुसऱ्याच आवाजात म्हणाल्या, “ते उजवीकडे का झुकतायत?”

आणि धावल्या. टोपी उडाली, छत्री पडली, भर उन्हात उघड्या डोक्यानं माझ्या डॉक्टर धावल्या. मीही मागे धावले. गाडीच्या दारात त्यांनी ऑर्व्हिलना गाठलं आणि क्षमाबिमा काही न मागता सरळ विचारलं, “डाव्या पायावर भार का देत नाही तुम्ही? कधीपासून?”

ऑर्व्हिलनी भांडं छातीशी घट्ट धरलं. बर्निस म्हणाली की छे, काही नाही, ते असेच चालतात. डॉक्टर म्हणाल्या की नाही, असे चालत नाहीत.

“बुधवारपासून,” ऑर्व्हिल म्हणाले.

बुधवारी आंघोळ करताना बोटाला लागली. गाठ. जुन्या वणाच्या कडेलाच, वाटाण्याएवढी. दुखत नाही, खुपत नाही, पण भीतीनं त्या बाजूला भार द्यायला पाय धजेना. गुरुवारी त्यांनी मला फोन केला, आणि फोन ठेवल्यावर आरशासमोर उभं राहून मिशा काढल्या. पुन्हा सुपात पडताना बघवल्या नसत्या, म्हणून आधीच. बर्निसला सांगितलं की उकडतं म्हणून काढल्या. ट्रेचा आणि कुल्ल्याचा राग खराच होता, पण तो त्यांनी तीन आठवडे हसण्यावारी नेला होता. आता तपासणीला न येण्यासाठी त्यांना काहीतरी निमित्त हवं होतं, आणि ते आम्हीच ताटात वाढून ठेवलं होतं.

बर्निसनं त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि त्यांचा हात धरला.

सोमवारपर्यंत थांबायला कुणी तयार नव्हतं. मंडपातल्या कोपऱ्यातलं टेबल मी रिकामं केलं, बटाट्याचं सॅलड हलवलं, चादर घातली. रोग्यांनी आपापल्या छत्र्या उघडल्या आणि पाठ करून भिंतीसारखे गोल उभे राहिले. नाकाचा शेंडा, उजवी पापणी, सगळे. ऑर्व्हिल पालथे झाले आणि चड्डी खाली ओढली गेली. बुधवारपासून त्यांनी त्या गाठीवर सनस्क्रीनचे थरच्या थर लावले होते. आमचं दुसरं कुठलं औषध घरात नव्हतं, म्हणून. त्या पांढऱ्या लगद्यात गाठ म्हणून एक उंचवटा तेवढा दिसत होता.

डॉ. कुफ्लरनी हातमोज्यांवरचं लोणी पुसलं आणि चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर सोडून कापू म्हणाले, सोमवारी पहिली वेळ. किरणोपचाराच्या डॉ. स्टाउट म्हणाल्या की त्याच जागी किती कापणार, किरण द्या. वांग म्हणाले की काहीही करा, पण आधी तुकडा मला द्या. कुफ्लर म्हणाले, तुकडा निघाल्यावर देईन ना, स्टाउट म्हणाल्या, तुम्ही नेहमी तुकड्यावरूनच भांडता. सोमवारची बैठक शनिवारीच भरली होती, फक्त पडद्याऐवजी टेबल होतं. डॉ. हाउगेनना तर काही धड दिसतच नव्हतं. चष्म्याला मलम लागलेलं, आणि डोळ्यांत पाणी.

“कुणी मला विचारणार आहे का?” टेबलावरून ऑर्व्हिलचा आवाज आला.

मला कुणी विचारणार नव्हतंच. मी एक कागदी रुमाल घेतला आणि ते मलम पुसून काढलं. खाली करड्या रंगाचं काहीतरी टरारून फुगलेलं होतं. आणि त्याला पाय होते. त्यातले दोन हलले.

माझ्या वडिलांकडे चाळीस गाई होत्या. शाळेत जायच्या आधी मी रोज हेच काम करत असे.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “ही गोचीड आहे.”

सगळे वाकले. मग डॉ. वांगनी हळूच विचारलं की दुर्मीळ आहे का? मी म्हटलं, नाही हो, कुत्र्याला होते ती. ऑर्व्हिलना आठवलं की आदल्या शनिवारी ते कुंपणाचं गवत काढायला बसले होते. वणाच्या जागी कातडी बधिर, त्यामुळे बयेनं आठवडाभर पंगत झोडली तरी त्यांना पत्ता लागला नव्हता. डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणे, आमच्या चार तज्ज्ञांच्या डोंगरातून गोचीड निघाली.

कुफ्लरना मी म्हटलं, घ्या, काढा. वीस वर्षं माणसं कापणारा तो गृहस्थ दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला की त्याला किड्यांची किळस येते. शेवटी बर्निसच्या पर्समधला भुवयांचा चिमटा घेऊन मीच ती सरळ ओढून काढली. टाकणार, तेवढ्यात वांग ओरडले, थांब, तिच्यात ऑर्व्हिलचं रक्त आहे. आणि काकडीच्या लोणच्याची बरणी धुऊन त्यात ती बंद करून त्यांनी बर्फाच्या डब्यात ठेवली, लिंबू सरबताच्या शेजारी.

डॉ. हाउगेननी चष्मा पुसला, आणि मग तो वण आणि मांडीचा सांधा इतक्या बारकाईनं तपासला की छत्र्या धरून लोकांचे हात दुखले. काही नव्हतं. कुठेही काही नव्हतं. गोचिडीमुळे ताप येऊ नये म्हणून एक गोळी लिहून दिली, आणि मग त्या तिथेच बाकावर बसल्या.

ऑर्व्हिल उठले, पट्टा आवळला. छत्र्या मिटल्या. ते डॉक्टरांसमोर उभे राहिले.

“तोंड ओळखलं नाहीत,” ते म्हणाले. “पाठ कशी ओळखलीत?”

“तिथलं मांस काढलं तेव्हापासून तुम्ही थोडे डावीकडे झुकून चालता,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही समोर बसता तेव्हा मी अहवाल वाचत असते. पण तुम्ही गेलात की मी दारात उभी राहते आणि लिफ्टपर्यंत तुम्हाला बघते. सगळ्यांनाच बघते. नीट चालतायत ना, एवढंच.”

मला एकदम रडू आलं. अकरा वर्षं मी त्या बाईला मागून हाका मारत होते.

ऑर्व्हिलनी बर्निसच्या हातातून भांडं घेतलं आणि जाऊन परत टेबलावर ठेवलं. झाकणही काढलं. पहिली वडी संडासवाल्यानं उचलली, तो अजून गेला नव्हता.

ऑगस्टमध्ये रक्त द्यायची तारीख होती. दहा वाजता आमचं दार उघडलं आणि ऑर्व्हिल आत आले, उलटे. पाठ पुढे, तोंड मागे. बर्निस त्यांना वाट दाखवत होती, “डावीकडे घ्या, अजून डावीकडे, खुर्ची आहे, बास,” आणि बस मागे घेताना वाजते तशी पिप-पिप ते तोंडानं वाजवत होते. वाट बघणारी मंडळी पाय वर घेऊन बसली. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला डॉ. हाउगेन अहवाल वाचत उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली.

“ऑर्व्हिल थीलन,” त्या लांबूनच म्हणाल्या. “या, चार नंबरमध्ये बसा.”

ऑर्व्हिल खुशीत गर्रकन वळले. मिशा अर्ध्या उगवल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

“परत फिरू का?” ऑर्व्हिलनी विचारलं.

त्यांनी अकरा नळ्या रक्त दिलं. वांग म्हणाले, मागची खेप गोचिडीनं भरली असं धरलंय. जाताना ऑर्व्हिल माझ्या टेबलापाशी थांबले, म्हणाले, “वाईट नाही, मार्लिस,” आणि लिफ्टकडे निघाले, जरासे डावीकडे झुकत. डॉक्टर दारात उभ्या राहिल्या. दोन नंबर खोळंबला होता, तीन नंबरही. मी हाक मारली नाही. अर्ध्या वाटेवर ऑर्व्हिलनी मागे न बघताच हात वर केला, आणि दारातून डॉक्टरांनीही केला.